इस्त्रीची वायर

माझा मामा लिफ्ट दुरुस्त करायचा. कंपनीत साहेबापासून झाडूवाल्यापर्यंत सगळे त्याला मामाच म्हणत, त्यामुळे लहानपणी मला वाटायचं की मामा हे नातं नसून हुद्दा आहे. "आमचा धंदाच चढउताराचा," हा त्याचा ठेवणीतला विनोद. नव्या माणसाला तो भेटल्या भेटल्या ऐकवायचा, आणि समोरचा हसला नाही तर समजावूनही सांगायचा.

त्याच्या कामाबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. लिफ्टच्या प्रत्येक मजल्यावरच्या दाराला एक छोटा स्विच असतो. हे सगळे स्विच एका माळेत ओवलेले असतात. एक जरी दार उघडं राहिलं तरी माळ तुटते आणि लिफ्ट जागची हलत नाही. कधीकधी दार नीट बंद असतं, पण स्विचच बिघडलेला असतो. मग कोणता स्विच रुसलाय ते शोधायला मेकॅनिक गच्चीवरच्या मशीनरूममध्ये जातो आणि तिथल्या पॅनेलमध्ये, दोन टोकांना चिमटे असलेली एक वायर लावतो. तिला जम्पर म्हणतात. जम्पर लागला की लिफ्टला वाटतं, सगळी दारं बंद आहेत. म्हणजे तेवढा वेळ ती आंधळी असते. काम झालं की जम्पर काढायचा. या धंद्यात एवढं एक विसरायचं नसतं.

विसरू नये म्हणून मामाच्या कंपनीत एक रीत होती. दोन मेकॅनिकच्या जोडीला एकच जम्पर, लालभडक. पॅनेलमध्ये नसेल तेव्हा तो मेकॅनिकच्या गळ्यात. लिफ्ट लोकांसाठी चालू करण्याआधी एकाने फोनवर विचारायचं, "गळ्यात?" दुसऱ्याने वायरीला हात लावायचा आणि म्हणायचं, "गळ्यात." मगच बटण. ही रीत घरातही शिरली होती. कुलूप लावताना मामी विचारायची, "गळ्यात?" आणि मामा परत आत जाऊन गॅसच्या बटणाला हात लावून ओरडायचा, "गळ्यात!" शेजारच्यांना वाटायचं हे नवराबायको रोज एकमेकांना हार घालतात.

मामाच्या जोडीदाराचं नाव शिडी. उंच, किडकिडीत, स्टुलाशिवाय बल्ब बदलणारा. दोन मुलींचा बाप. मामाच्या हाताखाली शिकला आणि नंतर त्याच्याबरोबरीने काम करू लागला, पण हाक मारायचा "मामा"च, आणि बोलायचा "तुम्ही" म्हणूनच.

मामाची कंबर गेली ती एका जिन्यावर. जळालेली मोटर मशीनरूममधून खाली आणायची होती. चौघांचं काम, दोघंच होते. अर्ध्या वाटेत शिडीचा पाय सरकला आणि सगळा भार मामावर आला. त्याने मोटर सोडली असती तर ती शिडीच्या पायांवर गेली असती. त्याने सोडली नाही. ही गोष्ट शिडी विसरला नाही आणि मामाने त्याला कधी तिची आठवण करून दिली नाही.

मणक्यातली गादी सरकली होती. डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलं आणि गोळ्या लिहून दिल्या. साध्या नव्हत्या, चिठ्ठीशिवाय मिळायच्या नाहीत अशा होत्या. पहिली गोळी घेतल्यावर मामा उशीला टेकून म्हणाला, "अगं, कंबर आहे, दुखतेय, पण ती दुसऱ्या कुणाची तरी आहे असं वाटतंय." मामीला हायसं वाटलं. कितीतरी दिवसांनी घर शांत झोपलं.

दोन आठवड्यांत साहेबांचा फोन आला. "मामा, घरी बसून कंबर आखडते. या तुम्ही. हलकं काम देतो." लिफ्टच्या धंद्यात हलकं काम म्हणजे पाना हलका असतो, एवढंच. जिने तेच, वाकणं तेच. मामा गोळी घेऊन गेला. सकाळी एक होती, मग दुपारी एक आली. मग सकाळच्या दोन झाल्या.

त्याला अडवू शकणारं कुणी नव्हतं असं नाही. अडवायची संधी बऱ्याच जणांना मिळाली, एवढं मात्र खरं. औषधवाला ओळखीचा होता. त्याच्या इमारतीची लिफ्ट मामानेच चालती ठेवली होती. जुनी चिठ्ठी दाखवली की तो पट्टी काढून द्यायचा. डॉक्टरांकडे गर्दी असायची, आतून आवाज यायचा, "दुखतंय अजून? चालू ठेवा." गोळ्या कमी पडायला लागल्या तेव्हा मामी स्वतःच्या पाठदुखीची तक्रार घेऊन दुसऱ्या डॉक्टरांकडे गेली आणि मिळालेली पट्टी मामाच्या हातात ठेवली. माझ्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. उरलेल्या गोळ्या तिने लाडक्या धाकट्या भावाला डब्यात घालून पाठवल्या. "माझ्या दादल्याला नाही दिल्या कधी, तुला देतेय," असं वर फोनवर हसून सांगितलंही. मामीने आपलं आईला कळू दिलं नाही, आईने आपलं मामीला. दोघींनाही वाटत होतं, आपण तेवढ्याच देतोय.

मामा बदलला तो हळूहळू. विनोद सांगायचा आणि मध्येच थांबायचा. घाम यायचा. गोळीची वेळ टळली की भिंतीवर हात आपटायचा, आणि घेतली की माफी मागायचा. वस्तू विसरायला लागला. एकदा लाल जम्परच सापडेना. घर पालथं घातलं तेव्हा तो फ्रीजमध्ये दुधाच्या भांड्यामागे निघाला. मामी हसली. मामा हसला नाही. तो बराच वेळ फ्रीजचं दार उघडं धरून उभा होता.

त्याच सुमारास मामीच्या जुन्या इस्त्रीची वायर गेली. सुती वेष्टणाची, काळ्यापांढऱ्या ठिपक्यांची वायर होती. "जळली, कापून टाकली, नवी लावतो," मामा म्हणाला. लावली नाही. मामी शेजारणीकडून इस्त्री करून आणायला लागली आणि टोमणे मारायला लागली, "जगाच्या लिफ्टा चालवतात, घरातली इस्त्री बंद."

मग तो अपघात झाला.

इमारत जुनी होती, हाताने ओढायच्या दारांची लिफ्ट. मामा आणि शिडी सकाळपासून बिघडलेला स्विच शोधत होते. मामा वर पॅनेलमध्ये जम्पर लावून खाली आला, पण पुन्हा जिने चढणं त्याला जमेना, म्हणून नंतर शिडी वर गेला आणि मामा खाली दारं तपासत राहिला. स्विच सापडला, बदलला. शिडीने वरून फोन केला, "मामा, गळ्यात?" मामाने छातीवर हात नेला. लाल वायर बोटांना लागली. "गळ्यात." शिडीने पॅनेलचं दार लावलं आणि लिफ्ट चालू केली.

त्या इमारतीत एक निवृत्त शिक्षिका राहायच्या. सगळे त्यांना बाई म्हणत. दोघं निघून गेल्यावर थोड्याच वेळात बाई पिशवी घेऊन लिफ्टपाशी आल्या, दार ओढलं, एक पाय आत ठेवला. वर कुणीतरी बटण दाबलं. दार उघडं असताना लिफ्ट हलायला नको होती. ती हलली. बाई बाहेर फेकल्या गेल्या आणि त्यांच्या मांडीचं हाड मोडलं.

पॅनेल उघडलं तेव्हा आत जम्पर सापडला. पण तो लाल नव्हता. घरी बनवलेला होता, ठिपक्यांच्या सुती वायरीचा. पॅनेलही जुन्या काळचं, आतल्या वायरीही तसल्याच सुती, धुळीने माखलेल्या. त्यांच्यात ती मिसळून गेली होती. साहेबांनी हिशोब सरळ मांडला. कंपनीचा लाल जम्पर मामाच्या गळ्यात होता, तो तर चौकीदारानेही पाहिला. पॅनेलपाशी शेवटचा माणूस शिडी. म्हणजे ही बेकायदा वायर शिडीचीच. शिडीला घरी बसवलं. चौकशीत दोष ठरला तर त्याचा परवाना जाणार होता, आणि परवाना गेलेल्या माणसाला कुठलीच लिफ्ट कंपनी उभं करत नाही.

शिडी तडक मामाच्या घरी आला. मी तिथेच होते. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाची परीक्षा जवळ आली होती आणि मामाच्या घरी अभ्यास बरा व्हायचा. शिडीने चपलाही काढल्या नाहीत.

"मामा, मी विचारलं की नाही?"

"विचारलंस."

"तुम्ही गळ्यात म्हणालात की नाही?"

"म्हणालो. होताच गळ्यात."

"मग ही कुणाची?" त्याने फोनवरचा फोटो पुढे केला. "साहेब म्हणतात माझी. माझ्या घरात असली वायर कधी आलीच नाही. आमच्या घरात सगळं हप्त्याचं आणि नवं!" आणि त्याही स्थितीत तो स्वतःच्या बोलण्यावर कडवट हसला.

मामाने फोटो पाहिला. "काय सांगू, शिडी," एवढंच म्हणाला.

चहा घेऊन आलेल्या मामीने शिडीच्या खांद्यावरून फोटो पाहिला. तिने ट्रे ठेवला आणि आत गेली. मी मागोमाग गेले तर ती कपाटाच्या तळाशी ठेवलेल्या इस्त्रीकडे बघत उभी होती. इस्त्रीच्या मागून वीतभर वायर बाहेर आलेली होती, काळ्यापांढऱ्या ठिपक्यांची, टोकाला स्वच्छ कापलेली. जळलेली नव्हती.

शिडी गेल्यावर मामीने दार लावलं.

"अहो, माझ्या इस्त्रीची वायर आहे ती."

मामाने नाही म्हटलं नाही. लाल जम्पर फ्रीजमध्ये सापडल्यापासून तो घाबरला होता. पुन्हा हरवला तर काय, या भीतीने तो गळ्यातून काढायचाच बंद केला होता. पॅनेलमध्ये लावायला त्याने इस्त्रीच्या वायरीचा दुसरा बनवला. म्हणजे "गळ्यात?" असं कुणी कधीही विचारलं तरी उत्तर खरंच असायचं. चूक होऊ नये म्हणून केलेल्या सोयीनेच चूक झाली होती.

"मग सांगून टाका साहेबांना," मी म्हणाले.

"काय सांगू? दुसरा का बनवला ते विचारतील. विसरायला लागलो म्हणून. का विसरायला लागलो? गोळ्यांनी. किती घेता?" मामाने हात झटकला. "त्यानंतर मला लिफ्टपाशी उभं करतील का कुणी? मला दुसरं काय येतं?"

"आणि शिडी?"

"शिडी तरुण आहे."

हे वाक्य बोलल्यावर तो माझ्याकडे बघेना.

त्या आठवड्यात घरात एकच विषय होता, दोष कुणाचा. माझी आई आली आणि आल्या आल्या तिने कंपनीला धारेवर धरलं. "कंबर मोडलेल्या माणसाला कामावर बोलावतात! खटला भरा."

"आणि डॉक्टर?" मामी म्हणाली. "न बघता लिहून देतात ते?"

"डॉक्टर लिहील गं. घ्यायच्या किती ते घरातल्यांनी बघायचं."

"वन्सं, घरातल्यांमध्ये डबा पाठवणारे येतात की नाही?"

आईचा डबा मामीला कपाटात सापडला होता; आता तिने स्वतःच्या पट्टीचंही सांगून टाकलं. तेव्हा कुठे दोघींना एकमेकींच्या पट्ट्यांबद्दल कळलं. मामा खिडकीपाशी बसून ऐकत होता, शेजाऱ्याच्या घरातलं भांडण ऐकावं तसा.

मी मामीबरोबर डॉक्टरांकडे गेले. तयारीनिशी गेले होते, पण ते मला वाटले होते तसे निघाले नाहीत. दमलेले होते. "मी पंधरवड्यासाठी लिहिल्या होत्या," ते म्हणाले. "नंतर ते येत राहिले, दुखतंय म्हणत राहिले. दुखतंय म्हणणाऱ्या माणसाला खोटारडा म्हणू का मी? आणि ही गोळी बाजारात आली तेव्हा औषध कंपनीचा माणूस इथेच, तुम्ही बसलाय त्या खुर्चीत बसून सांगून गेला, खरं दुखणं असेल तर हिची सवय लागत नाही म्हणून. छापील कागद होते त्याच्याकडे."

"तुम्ही विश्वास ठेवलात?"

"तुम्ही माझ्यावर ठेवलात ना?" डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी सरकारी रुग्णालयातल्या एका विभागाचा पत्ता दिला. "एकदम बंद करू नका म्हणावं. फार त्रास होईल. ते हळूहळू उतरवतील." आणि बाहेरच्या गर्दीला हाक दिली.

घरी येऊन मी सगळ्यांना माझा शोध ऐकवला. मला वाटत होतं मला उत्तर सापडलंय. "हे बघा, तुम्ही दोष वाटून घेताय. याचा पाव, त्याचा निम्मा. पण ही दारांच्या स्विचांसारखी माळ आहे. माळेतला प्रत्येक स्विच एकटा लिफ्ट थांबवू शकतो. डॉक्टर थांबवू शकत होते, औषधवाला थांबवू शकत होता, साहेब, तुम्ही दोघी. म्हणजे दोष वाटला जात नाही, प्रत्येकाचा पुरताच असतो."

मामी भाजी निवडत होती. "गणित बरोबर असेल तुझं," ती म्हणाली. "पण स्विचला नवरा नसतो. तो समोर बसून कळवळत नाही. त्याचे पाय आवळून येत नाहीत. स्विचला कुणी म्हणत नाही, आजच्यापुरती दे गं."

मी वही मिटली.

चौकशीच्या आदल्या दिवशी मामा बाईंना भेटायला गेला. कंपनीने कुणी भेटू नये म्हणून बजावलं होतं. तिथे काय झालं ते त्याने नंतर सांगितलं, आणि काही बाईंनी.

बाईंचा पलंग पुढच्या खोलीत आणला होता. शेजारी चालायचा वॉकर, स्टुलावर चष्मा, पाण्याची बाटली आणि गोळ्यांची पट्टी. मामाने ती पट्टी दारातूनच ओळखली. तोच रंग, तीच चंदेरी पाठ.

"उभे का? बसा," बाई म्हणाल्या.

"कंबर धरते बसलं की."

"मग तुम्ही तुमचं दुखणं सांगा, मी माझं. पण माझं नवं आहे, आधी माझा नंबर." बाई हसल्या. त्यांना वाटत होतं, हा कंपनीचा कुणी चांगला माणूस विचारपूस करायला आलाय. त्यांनी शिडीबद्दल विचारलं. "तो उंच मुलगा ना? माझी पिशवी वर आणून द्यायचा. त्याने असा निष्काळजीपणा करावा! मुली आहेत म्हणे त्याला."

बाईंनी मामाला स्वयंपाकघरातून पेला आणायला सांगितला. त्याने आणला, पाणी ओतून दिलं, येतो म्हणाला आणि बाहेर पडला. जिन्याच्या पहिल्या वळणावर पोचेपर्यंत पट्टी त्याच्या खिशात होती. केव्हा उचलली ते त्याला सांगता येत नाही. हाताने उचलली, एवढंच तो म्हणतो.

एक गोळी त्याने तळहातावर काढली. तोंडापर्यंत नेली. आणि त्याच्या डोक्यात एक साधा विचार आला: संध्याकाळी बाईंचा पाय ठणकेल. त्या स्टुलावर हात फिरवतील. पट्टी सापडणार नाही. मग त्या शोधायला उठतील, त्या पायाने, एकट्या.

तो जिन्यातच खाली बसला. किती वेळ बसला होता कुणास ठाऊक. मग कठड्याला धरून पुन्हा वर चढला, दार ढकललं आणि पट्टी आणि सुटी गोळी स्टुलावर ठेवली.

"ही मी चोरली होती," तो म्हणाला.

बाईंनी चष्मा लावला, त्याच्याकडे पाहिलं, पट्टीकडे पाहिलं. "कशाला?"

"मी याच घेतो. फार घेतो. बाई, तुम्ही ह्या डॉक्टरांनी सांगितल्यापेक्षा एक जास्त घेऊ नका. कुणी प्रेमाने दिली तरी घेऊ नका." मग एक श्वास घेऊन तो म्हणाला, "त्या उंच मुलाने काही केलेलं नाही. ती वायर माझी होती."

बाईंनी पट्टी उशीखाली सरकवली. "मला सांगून काय उपयोग," त्या म्हणाल्या. "जिथे सांगायचं तिथे सांगा. आणि आता जा. मला तुमच्याकडे बघवत नाही."

दुसऱ्या दिवशी मामाने कपाटातून इस्त्री काढली आणि कापडी पिशवीत घातली. वजन उचलायची त्याला मनाई होती, म्हणून पिशवी माझ्याकडे आली. कंपनीच्या वरच्या मजल्यावर लांब टेबल होतं. एका बाजूला साहेब आणि बाहेरून आलेले तपासनीस, दुसऱ्या बाजूला शिडी, इस्त्री केलेल्या शर्टात, हात मांड्यांखाली दाबून.

"ही कोण?" साहेबांनी विचारलं.

"भाची. इस्त्री उचलायला आणलीय."

"काय उचलायला?"

मामाने मला खूण केली. मी इस्त्री टेबलावर ठेवली. मामाने पुराव्याच्या पाकिटातली ती ठिपक्यांची वायर उचलली आणि इस्त्रीच्या मागच्या तुकड्याला टोकाशी टोक लावून धरली. ठिपके जुळले.

मग त्याने सगळं सांगितलं. फ्रीजमधला जम्पर, दुसरा जम्पर, गोळ्या. किती, तेही सांगितलं. साहेबांचा चेहरा आधी पडला आणि मग हळूहळू उजळला.

"म्हणजे चूक डॉक्टरची," ते म्हणाले. "अशी औषधं देतात आणि आमच्या माणसांचं वाटोळं करतात. मामा, तुम्ही असंच सांगा. आपण त्यांच्यावर घेऊ हे."

"डॉक्टरांचं डॉक्टरांना विचारा," मामा म्हणाला. "औषधवाल्याचं त्याला. कंबर बरी व्हायच्या आत मला फोन कुणी केला, ते तुम्ही स्वतःला विचारा. माझ्या बायकोला आणि बहिणीला काही विचारायचं नाही, ते मी विचारीन. वायर माझी. लावली मी, काढायची होती मी."

तपासनीसांनी शिडीकडे वळून विचारलं, "दार लावण्याआधी पॅनेलमध्ये पाहिलं होतं?"

शिडीने मान खाली घातली. "नाही साहेब. मामा गळ्यात म्हणाले होते."

"म्हणाले होते," तपासनीस म्हणाले, आणि त्यांनी लिहून घेतलं.

शिडीचा परवाना राहिला, ताकीद मिळाली. मामाचा गेला. कंपनीने नवा नियम काढला की पॅनेल दोघांनी बघितल्याशिवाय बंद करायचं नाही. मोटर किती जणांनी उचलायची, याचा नियम काढला नाही. डॉक्टर आजही तिथेच बसतात. औषधवाला आता आम्हाला ओळख दाखवत नाही, आणि खटला भरायचं आई अजून म्हणते, भरत मात्र नाही.

सरकारी रुग्णालयात मामाच्या गोळ्या थोड्या थोड्या उतरवायला सुरुवात झाली. पट्टी मामीकडे असते. ती रोजची तेवढी हातावर ठेवते आणि तो गिळेपर्यंत समोर उभी राहते. तो घामाने भिजतो, पाय झाडतो, तिला नको ते बोलतो. "माझं दुखणं तुला दिसत नाही का?" असं ओरडतो. "दिसतं," ती म्हणते आणि देत नाही. मग स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून रडते. एकदा तो घसरलाही, कुठून तरी एक पट्टी मिळवली. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. कंबर अजून दुखते. ती आता दुसऱ्या कुणाची वाटत नाही.

शिडी बरेच दिवस फिरकला नाही. फोनही नाही. मामा म्हणायचा, "का यावं त्याने? मी त्याला तरुण आहे म्हणालो होतो." शिडीच्या कानावर हे कधी गेलं नव्हतं, पण मामाला त्याने फरक पडत नव्हता.

मग एका रविवारी दुपारी तो आला. या वेळी चपला काढल्या. मामाकडे पाहिलं नाही. "मामी, इस्त्री द्या," म्हणाला आणि जमिनीवर मांडी घालून बसला. खिशातून नवी वायर काढली, जुना तुकडा सोडवला, नवी जोडली, पेच आवळले, पुन्हा उघडून पाहिले आणि परत आवळले. मामीने इस्त्री लावली. लाल दिवा लागला.

"चहा?" मामी म्हणाली.

"नको. मुली वाट बघतायत."

मामा खुर्चीतून उठला, कंबरेवर हात ठेवून दारापर्यंत आला. शिडी दोन पायऱ्या उतरला होता. तिथून तो वळला. इतका उंच की दोन पायऱ्या खालूनही तो मामाच्या डोळ्याला डोळा भिडवू शकत होता.

"मामा, आज जास्तीची घेतली का?"

मामाचा हात सवयीने छातीकडे गेला. तिथे आता काहीच नव्हतं. "नाही," तो म्हणाला.

"बघून सांगा."

मी मामीकडे पाहिलं. मामीने ओठ दाबले होते. वाटलं, आता मामा चिडणार. मामाने शर्टाचा खिसा उलटा केला. मग पँटचा एक, मग दुसरा, दोन्ही अस्तरं बाहेर लोंबत ठेवली. एकातून एक जुना स्क्रू पडला आणि पायऱ्यांवरून टणटणत शिडीच्या पायाशी गेला.

शिडीने वाकून तो उचलला, निरखून पाहिला आणि स्वतःच्या खिशात टाकला.

"पुढच्या रविवारी परत विचारीन," तो म्हणाला आणि जिना उतरून गेला.